मराठी पुस्तके आणि ई-पुस्तके कमी खर्चात कशी घ्यावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात पुस्तक बदलायला येणारे सभासद, ग्रंथप्रदर्शनाच्या दारात भेटणारे वाचक आणि परगावी गेलेले जुने सभासद पुस्तक-खरेदीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुस्तक छापील किमतीलाच घ्यावे लागते, की दुकानदाराकडे सवलत मागता येते?

मागता येते, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. फ्रान्ससारख्या देशात १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. पुस्तकावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते आणि तिच्या खाली किती उतरायचे हे विक्रेता ठरवतो. ही सूट तो प्रकाशकाकडून मिळणाऱ्या कमिशनमधून देतो, म्हणजे आपली बचत हा बऱ्याचदा त्याच्या उत्पन्नाचाच एक भाग असतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा दादरच्या मोठ्या दुकानात शेकड्याने प्रती मागवल्या जातात, तेथे दहा टक्के सहज सुटतात. तालुक्याच्या गावातला दुकानदार मात्र आपल्यासाठी एकच प्रत एसटीच्या पार्सलने मागवून देतो. त्याच्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते दुकान बंद पडले, तर पुढच्या प्रत्येक पुस्तकाला टपालखर्च आपल्यालाच भरावा लागेल.

२. वर्षातून सर्वांत जास्त सवलत कधी मिळते?

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस असलेला २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, गुढीपाडवा, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, या सुमारास बहुतेक प्रकाशक आणि विक्रेते योजना जाहीर करतात. प्रकाशनसंस्थेचा वर्धापनदिन हा आणखी एक चांगला मुहूर्त असतो. त्याची जाहिरात फार होत नाही, म्हणून आवडत्या दोन-तीन प्रकाशकांच्या व्हॉट्सअ‍ॅप यादीत आपले नाव असू द्यावे. साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शन आणि २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव येथे अनेक प्रकाशक एका जागी असल्यामुळे सवलतीची तुलना पायी करता येते.

येथे एक सावधगिरी सांगतो. प्रदर्शनात ‘५० टक्के’ अशी पाटी असलेल्या टेबलावर बहुधा जी पुस्तके उरली आहेत तीच असतात. त्यांत कधी उत्तम पुस्तक निघतेही, पण आपण शोधत असलेले पुस्तक त्या टेबलावर फारसे नसते. मी खिशात एक छोटी वही ठेवतो. हवेसे वाटलेले पुस्तक प्रथम तीत लिहितो, आणि दीड महिन्यानंतरही ते हवेसे वाटले तरच विकत घेतो. या वहीत खोडलेल्या नावांची संख्या राहिलेल्या नावांपेक्षा नेहमीच जास्त असते.

३. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ घ्यावी का? पैसे बुडण्याची भीती असते का?

पुस्तक छापून येण्यापूर्वी पैसे भरणाऱ्याला प्रकाशक ठळक सवलत देतो, कारण त्या पैशातून कागद आणि छपाईचा खर्च भागतो आणि किती प्रती खपतील याचा अंदाजही येतो. कोश, चरित्रखंड, समग्र वाङ्मय अशा जाड आणि महागड्या ग्रंथांसाठी ही पद्धत मराठीत जुनी आहे, आणि अशा ग्रंथांवर पुढे इतकी सूट क्वचितच मिळते. ग्रंथ आपल्याला खरोखर संग्रही हवा असेल, तर ही सवलत अवश्य घ्यावी.

पैसे सहसा बुडत नाहीत, पण ते अडकतात. मी एका त्रिखंडी ग्रंथासाठी पैसे भरले होते. पहिले दोन खंड वेळेवर आले आणि तिसरा दोन वर्षांनी आला. मधल्या काळात मी घर बदलले होते, त्यामुळे तो खंड जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेला आणि दुसऱ्यांदा टपालखर्च मलाच सोसावा लागला. तेव्हापासून मी चार गोष्टी विचारल्याशिवाय पैसे भरत नाही. प्रकाशनाची तारीख लेखी दिली आहे का, टपालखर्च सवलतीच्या रकमेत धरला आहे का, सर्व खंड एकदम येणार आहेत का, आणि पावतीवर ग्रंथाचे नाव व खंडांची संख्या लिहिली आहे का? पावतीवर नुसते ‘पुस्तकासाठी अग्रिम’ असे लिहून दिले जात असेल, तर ती बदलून घ्यावी.

४. पुस्तकांवर जीएसटी लागतो का?

छापील पुस्तकांवर लागत नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून छापील पुस्तके करमुक्त आहेत, त्यामुळे पुस्तकाच्या बिलात जीएसटीची वेगळी रक्कम लावली असेल तर ती कशाची आहे हे विचारावे. ई-पुस्तकांचे तसे नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावरचा कर जुलै २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जे केवळ डिजिटल रूपातच निघाले आहे, ते या सवलतीत बसत नाही. मूळ किंमत २०० रुपये धरली तर पहिले २१० रुपयांना आणि दुसरे २३६ रुपयांना पडते. दाखवलेल्या किमतीत कर बहुधा मिळवलेलाच असतो, तरी पैसे भरण्यापूर्वी अंतिम रक्कम पाहून घ्यावी.

५. ई-पुस्तक स्वस्त असते, मग वाचनयंत्र घेऊन सगळी खरेदी तशीच करावी का?

आधी हिशेब करावा. समजा वाचनयंत्र, म्हणजे किंडलसारखे खास ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण, १२,००० रुपयांना मिळाले. ३०० रुपये छापील किमतीचे पुस्तक दहा टक्के सवलतीने २७० रुपयांना पडते आणि तेच ई-रूपात १८० रुपयांना मिळते, असे धरले तर प्रत्येक पुस्तकामागे ९० रुपये वाचतात. यंत्राचे पैसे वसूल व्हायला १३४ पुस्तके विकत घ्यावी लागतील, आणि महिन्याला दोन या गतीने त्याला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय छापील पुस्तक वाचून झाल्यावर विकता येते किंवा भाचीला देता येते. ई-पुस्तकाला अशी उतरती किंमतही नसते, त्याची किंमत थेट शून्य होते.

म्हणून केवळ बचतीसाठी यंत्र घेऊ नये. अक्षर मोठे करून वाचण्याची ज्यांना गरज आहे, ज्यांच्या घरात कपाटाला जागा नाही, जे सतत प्रवासात असतात किंवा जे परदेशात राहतात (प्रश्न १७ पाहावा), त्यांच्यासाठी यंत्र उपयोगाचे आहे. इतरांनी प्रथम दोन-तीन पुस्तके मोबाइलवरच्या विनामूल्य वाचन-अ‍ॅपमध्ये वाचून पाहावीत. ज्याला मोबाइलवर एक कादंबरी पुरी करता आली नाही, त्याचे यंत्रही बहुधा धूळ खात पडते.

६. विकत घेतलेले ई-पुस्तक कायमचे माझे होते ना?

छापील पुस्तक जसे होते तसे होत नाही. बहुतेक ठिकाणी आपण वाचण्याचा परवाना विकत घेतो, प्रत नव्हे. खाते बंद झाले किंवा दुकानाने व्यवसाय गुंडाळला, तर पुस्तक हाती राहील याची खात्री नसते. अ‍ॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोय बंद केली, तेव्हा अनेकांना हा फरक प्रथमच जाणवला. एकदा वाचून सोडून देण्याचे पुस्तक असेल तर यात काहीच बिघडत नाही. शब्दकोश, संदर्भग्रंथ, कवितासंग्रह असे पुन्हा पुन्हा उघडले जाणारे पुस्तक मात्र मी कागदावरच घेतो, किंवा जेथे फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवता येते अशा ठिकाणाहून घेतो.

७. मराठी ई-पुस्तक घेण्यापूर्वी काय पाहावे?

नमुना उतरवून पाहावा, आणि तोही ज्या उपकरणावर वाचायचे त्याच उपकरणावर. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, त्याच्याही आधीपासून पुण्याच्या बुकगंगाने मराठी ई-पुस्तके विकली, आणि गूगल प्ले बुक्सवरही ती आहेत. अडचण दुकानाची नसून फाइलच्या घडणीची असते. काही ई-पुस्तके म्हणजे छापील पानांची नुसती छायाचित्रे असतात. अशा पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि सहा इंची पडद्यावर प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. दुसरा प्रकार जुन्या टंकातून युनिकोडमध्ये घाईने बदललेल्या मजकुराचा. त्यात रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्हस्व’ आणि ‘तऱ्हा’ अशा शब्दांतला अर्धा र तुटतो, आणि ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या व्यंजनाला जाऊन चिकटते. नमुन्याच्या पहिल्या पाच पानांत हे दिसले, तर पुढच्या तीनशे पानांत ते सुधारण्याची आशा धरू नये.

चुकून घेतलेले पुस्तक परत करण्याची मुदत काही दिवसांचीच असते, त्यामुळे नमुना न पाहता सवलतीच्या दिवशी एकदम दहा पुस्तके घेण्याचा मोह टाळावा.

८. महिन्याची वर्गणी भरून हवी तितकी ई-पुस्तके वाचण्याची योजना परवडते का?

त्या योजनेत आपल्याला हवी असलेली मराठी पुस्तके आहेत का, यावरच सर्व अवलंबून आहे. नावाजलेल्या प्रकाशकांची अनेक पुस्तके अशा योजनांत नसतात आणि स्वप्रकाशित पुस्तके मोठ्या संख्येने असतात. वर्गणी भरण्यापूर्वी आपल्या वहीतली (प्रश्न २) दहा नावे तेथे शोधावीत. निदान चार तरी सापडली नाहीत, तर विषय संपला. सापडली तर उन्हाळ्याच्या सुटीपुरती दोन महिन्यांची वर्गणी भरून ती वाचून काढावीत आणि वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण त्याच दिवशी बंद करावे. ऐकण्याच्या पुस्तकांच्या योजनांनाही हेच लागू आहे.

९. कायदेशीरपणे विनामूल्य मिळणारी मराठी पुस्तके कोठे आहेत?

लोकांना वाटते त्यापेक्षा बऱ्याच ठिकाणी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. या मंडळाने प्रसिद्ध केलेली अनेक पुस्तके त्याच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य आहेत. इतिहास, विज्ञान, चरित्र, भाषाशास्त्र अशा विषयांवरची ही पुस्तके बाजारात सहज सापडत नाहीत, आणि माझ्या मते मराठी वाचकाला फुकट मिळणाऱ्या ठेव्यांत हा सर्वांत कमी वापरला जाणारा ठेवा आहे. मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके टंकित रूपात आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने विनामूल्य ई-पुस्तके प्रसिद्ध करते. मुलांसाठी राष्ट्रीय ई-पुस्तकालय आहे, आणि त्यात मराठी पुस्तकेही आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये मिळतात.

छापीलच हवी असतील, तर मंडळाची पुस्तके आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे शासनाने १९७९ पासून काढलेले खंड शासकीय ग्रंथागारात खाजगी प्रकाशनांच्या तुलनेत फार कमी किमतीला मिळतात. हवा तो खंड शिल्लक आहे का, हे मात्र आधी विचारून मगच मुंबईत चर्नी रोडच्या ग्रंथागारात जावे.

१०. लेखक हयात नसेल तर त्याचे पुस्तक फुकट उतरवून घ्यायला हरकत नाही ना?

हरकत असू शकते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांचे लेखन केव्हाच खुले झाले आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून खुले आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे.

अपवाद ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. मूळ लेखन खुले झाले असले तरी त्याच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रे यांचेही तसेच. दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाची ६० वर्षे मागे राहिलेल्या लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाची गणना प्रसिद्धीच्या वर्षापासून होते. आणि एक उलट बाजूही आहे. खुल्या झालेल्या पुस्तकाच्या अनेक प्रकाशकांनी काढलेल्या स्वस्त आवृत्त्यांत मुद्रणदोष भरपूर असतात, काहींत तर प्रकरणेच गाळलेली असतात. अशा वेळी पन्नास रुपये वाचवण्यापेक्षा अनुक्रमणिका ताडून चांगली आवृत्ती घेणे स्वस्त पडते.

११. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर आलेली पीडीएफ वाचली तर काय बिघडते?

पुस्तक प्रश्न १० प्रमाणे खुले झालेले नसेल, तर ती प्रत बेकायदेशीर आहे आणि ती पुढे पाठवणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी मराठीत हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात. त्यांतल्या शंभर प्रती अशा पीडीएफमुळे कमी खपल्या, तर दुसरी आवृत्ती निघतच नाही, आणि मग तेच पुस्तक ‘कोठेच मिळत नाही’ अशी तक्रार घेऊन वाचक आमच्याकडे येतात. फुकटच वाचायचे असेल तर त्यासाठी वाचनालय आहे (प्रश्न १५).

१२. जुनी पुस्तके घेताना फसगत कशी टाळावी?

मुंबईत हुतात्मा चौकाचा आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा पदपथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची दुकाने, आणि कोणत्याही गावातले रद्दीचे दुकान ही जुन्या पुस्तकांची ठिकाणे आहेत. रद्दीवाला पुस्तक किलोने घेतो. घर आवरणाऱ्या कुटुंबाने पुस्तकांचे गठ्ठे टाकले, की त्यांतले बरेवाईट त्याच्याकडे एकाच भावाने आलेले असते. आपल्या भागातल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवली आणि ‘मराठी पुस्तके आली तर बाजूला ठेवा’ असे सांगून ठेवले, तर याहून स्वस्त खरेदी दुसरी नाही.

विकत घेण्यापूर्वी पाने मोजावीत. मराठी पुस्तके बहुधा सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडीत, बांधली जातात, त्यामुळे बांधणीत चूक झाली की सोळा पाने एकदम गायब असतात किंवा दोनदा येतात. मी एकदा एक कादंबरी मोठ्या हौसेने घेतली. पृष्ठ १६० नंतर पुन्हा १४५ आले, तो फर्मा दुसऱ्यांदा संपल्यावर थेट १७७, आणि नायिकेच्या वडिलांचे मधल्या पानांत काय झाले ते मला दुसरी प्रत मिळेपर्यंत कळले नाही. प्रत नवी असेल तर असा दोष दाखवल्यावर विक्रेता किंवा प्रकाशक ती बदलून देतो. जुन्या प्रतीला तो आसरा नाही, म्हणून दर सोळा पानांनी अंगठा थांबवून क्रमांक पाहावेत. वाळवीची भोके शिवणीजवळ असतील तर पुस्तक घरी आणूच नये, कारण ती वाळवी उरलेल्या कपाटालाही लागते.

ग्रंथालयाचा शिक्का असलेले पुस्तक दिसले तर त्यावर ‘रद्द’ किंवा ‘निष्कासित’ असा शिक्का आहे का ते पाहावे. नसेल तर ते कुणीतरी परत न केलेले पुस्तक असण्याची शक्यता आहे. आमच्या वाचनालयाचे एक पुस्तक मी असेच चाळीस रुपये देऊन परत आणले आहे.

पदपथावर कोरे करकरीत, पारदर्शक कागदात गुंडाळलेले लोकप्रिय पुस्तक निम्म्या किमतीत मिळाले तर ती जुनी प्रत नव्हे, नक्कल आहे. पुसट छपाई, तिरपी कापलेली पाने आणि दोनदा उघडल्यावर सुटणारा गोंद ही तिची लक्षणे.

१३. पुस्तकाची छापील किंमत १५० रुपये, पण ऑनलाइन ६०० रुपये दाखवतात. असे का?

पुस्तकाची आवृत्ती संपली की काही विक्रेते शिल्लक प्रत चढ्या किमतीला लावतात, आणि काहींकडे तर प्रत नसतेच. मागणी आली की ते ती शोधायला निघतात. अशा वेळी प्रथम प्रकाशकाला दूरध्वनी करावा. संकेतस्थळावर ‘उपलब्ध नाही’ असे दिसणाऱ्या पुस्तकाच्या चार-दोन प्रती गोदामात निघतात, हा माझा अनेकदाचा अनुभव आहे. पुनर्मुद्रण लवकरच येणार असेल तर तेही तेथेच कळते. किमतींची तुलना करताना पुस्तकाच्या नावावर विसंबू नये, मागच्या बाजूचा तेरा आकडी आयएसबीएन पाहावा. एकाच नावाची संक्षिप्त आवृत्ती, बांधीव आवृत्ती आणि किशोर आवृत्ती वेगवेगळ्या क्रमांकांच्या असतात.

१४. टपालखर्चच पुस्तकाच्या निम्मा होतो. त्याला काही उपाय आहे का?

एकेक पुस्तक मागवू नये, हा पहिला उपाय. शेजारपाजारच्या तीन-चार वाचकांनी मिळून एकाच प्रकाशकाकडे मागणी नोंदवली, तर टपालखर्च विभागला जातो आणि संख्येमुळे सवलतही वाढते.

दुसरा उपाय टपाल खात्याचा. पूर्वीची नोंदणीकृत पुस्तक-टपालाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांची मोठी अडचण झाली होती. तिच्या जागी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा त्याचा प्रारंभीचा दर ठरला. पार्सल भूमार्गाने जात असल्यामुळे कुरिअरपेक्षा उशीर होतो, पण त्याचा माग काढता येतो. पाकिटात जाहिरातीचे साहित्य चालत नाही. प्रकाशकाकडे मागणी करताना ‘ज्ञान पोस्टने पाठवावे’ असे आवर्जून सांगावे, कारण न सांगितल्यास पुष्कळजण सवयीने कुरिअरच करतात.

१५. मग विकत घेण्यापेक्षा वाचनालयच बरे नाही का?

एकदाच वाचायच्या पुस्तकांसाठी निःसंशय बरे. अनामत रक्कम परत मिळते आणि मासिक वर्गणी बहुतेक गावांत एका पुस्तकाच्या किमतीहून कमी असते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुणे नगर वाचन मंदिर आणि बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ ची, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. अशा संस्थांच्या कपाटांत बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली पुस्तके आहेत. गोव्यातील वाचकांसाठी पणजीच्या पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. नवे पुस्तक हवे असेल तर मागणी-वहीत नोंद करावी. आम्ही खरेदीच्या वेळी ती वही खरोखरच उघडतो, आणि तीत तिघांनी मागितलेले पुस्तक सहसा येतेच.

१६. दिवाळी अंक फार महाग झाले आहेत. ते स्वस्तात कसे वाचावेत?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे, आणि ती चालू ठेवण्यासाठी एका घराने सगळे अंक विकत घेण्याची गरज नाही. बहुतेक वाचनालये एकदाच शुल्क घेऊन तीन-चार महिने दिवाळी अंक वाचण्याची वेगळी योजना चालवतात. दुसरी पद्धत सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी प्रत्येकी दोन वेगवेगळे अंक घेऊन दर आठवड्याला फिरवण्याची. यात एकच नियम कडक ठेवावा : शब्दकोडे पेन्सिलनेही भरायचे नाही. ज्यांना संग्रह करायचा आहे त्यांनी जानेवारीपर्यंत थांबावे. विक्रेत्यांना उरलेले अंक संपवायचे असतात, तेव्हा किंमत बरीच उतरते, पण गाजलेला अंक तोवर शिल्लक राहत नाही.

१७. आम्ही परदेशात राहतो. मराठी पुस्तके मागवणे परवडेल असे काही आहे का?

हवाई टपालाचा खर्च पुस्तकाच्या किमतीपेक्षा अधिक होतो, त्यामुळे ई-पुस्तक हाच रोजचा मार्ग आहे (प्रश्न ७ मधील खबरदारी घेऊन). छापील पुस्तके भारतभेटीच्या आधी प्रकाशकाकडून नातेवाइकांच्या पत्त्यावर एकत्र मागवून ठेवावीत, म्हणजे सवलत आणि स्थानिक टपालखर्च दोन्हींत बचत होते. बांधीव आवृत्तीऐवजी कागदी बांधणीची घ्यावी, कारण सामानाच्या वजनात तिचा फरक लगेच दिसतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आश्रयाने सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पुस्तकपेट्या परदेशांतल्या मराठी मंडळींतही फिरतात. आपल्या शहरात पेटी आहे का, हे स्थानिक महाराष्ट्र मंडळात विचारावे.

१८. स्पर्धा परीक्षेची किंवा अभ्यासक्रमाची जुनी पुस्तके घेतली तर चालतात का?

अभ्यासक्रम बदललेला नसेल तरच. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, आणि त्याआधीच्या बहुपर्यायी प्रश्नांची जाड मार्गदर्शके आता किलोने मिळतात. मुख्य परीक्षेच्या तयारीला ती स्वस्त नसून निरुपयोगी आहेत. इतिहास, भूगोल यांच्या पायाभूत वाचनासाठी बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये विनामूल्य आहेत (प्रश्न ९). चालू घडामोडींचे पुस्तक मागच्या वर्षीचे कधीच घेऊ नये.

१९. इंग्रजी पुस्तक परदेशी आवृत्तीत महाग आहे. काय करावे?

‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशी नोंद असलेली आवृत्ती निघाली आहे का ते पाहावे. मजकूर बहुधा तोच असतो, कागद थोडा हलका असतो आणि किंमत बरीच कमी. आयात पुस्तकांवर जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात पाच टक्के सीमाशुल्क लागले, ते परदेशी आवृत्तीच्या किमतीत आलेलेच असते.

२०. छपाई बंद झालेले पुस्तक वाचनालयातून आणून त्याची झेरॉक्स काढली तर चालते का?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. खाजगी वापरासाठी, अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी केलेल्या रास्त वापराला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणासाठी केलेल्या छायाप्रतींना व्यापक संरक्षण दिले. तरीही तो निकाल विद्यापीठीय अभ्यासक्रमासाठी काढलेल्या उताऱ्यांच्या संदर्भातला होता. एखादी संपूर्ण कादंबरी वाचनासाठी झेरॉक्स करून बांधून घेणे त्यात बसते, असे समजू नये.

एक कमी माहीत असलेली तरतूद मात्र कामाची आहे. जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रमुख ग्रंथालयाच्या वापरासाठी काढून घेऊ शकतो. म्हणून दुर्मीळ पुस्तक स्वतः झेरॉक्सच्या दुकानात नेण्याऐवजी ग्रंथपालांना लेखी अर्ज करावा, त्यात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष आणि प्रकाशकाकडे चौकशी केल्याची तारीख लिहावी. ग्रंथालयात काढलेली प्रत मग रीतसर सभासद म्हणून घरी नेता येते, आणि मूळ जीर्ण प्रतीची पाने आणखी तुटत नाहीत.